एकच दार असलेली खोली

क्रेडिट कार्ड घेताना लोक वार्षिक शुल्क विचारतात, व्याजाचा दर विचारतात, कार्ड हरवले तर काय करायचे ते विचारतात. मी विमानतळावरच्या लाउंजला किती दारे आहेत ते विचारले.

तळोज्याच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका परदेशी बँकेचा विक्रेता येत असे. पांढरा शर्ट, गळ्यात टाय आणि आसपासच्या कारखान्यांच्या वासाने किंचित आक्रसलेला चेहरा. त्याच्याकडची कार्डे दोन प्रकारची होती, आणि दोन्हींची माहितीपत्रके इतकी गुळगुळीत होती की प्रयोगशाळेतून आलेल्या आमच्या बोटांचे ठसे त्यांच्यावर लगेच उमटत. प्रवास करा, मैल साठवा, साठलेल्या मैलांवर फुकट तिकीट मिळवा आणि विमानाची वाट पाहताना आमच्या खास लाउंजमध्ये विसावा, असा एकंदर मजकूर. शेजारी, सोफ्यावर रेलून बसलेल्या एका जोडप्याचे चित्र. मी ते बारकाईने पाहिले. जोडप्यामागे एक काचेचे दार दिसत होते. डावीकडे एक पडदा होता. त्याच्यामागे काय आहे ते कळत नव्हते.

"या पडद्यामागे दुसरं दार आहे का?" मी विचारले.

त्याने चित्र स्वतःकडे वळवून घेतले. "मॅडम, सोफे किती ते सांगतो, खायला काय मिळतं ते सांगतो. दारांचं आजपर्यंत कोणी विचारलं नाही."

"मग विचारून या. आणि मुंबईचं नको, कलकत्त्याचं. तिथल्या लाउंजला बाहेर पडायची दारं किती आहेत, आणि दारापाशी माणूस बसतो की नाही. तोवर मी सही करणार नाही."

टेबलावरचे सहकारी हसले. मॅडमना दरोडा घालायचा दिसतोय, असे त्यांतला एकजण म्हणाला. मीही हसले. कारण लपवण्यासारखे होते असे नाही. पण ते सांगितले असते तर हसणे थांबले असते, आणि त्या दिवसांत तेवढे हसणे मला हवे होते.

कारण माझी आई होती.

पनवेलला तळ्याजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही दोघी राहत होतो. बाबा जाऊन काही वर्षे झाली होती. ताई लग्न होऊन गुवाहाटीला गेली होती. मेहुणे तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात अभियंता. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. होऊन तळोज्याला गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत लागले होते आणि तिथे आयुष्य काढण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. आईचे विसरणे सुरू झाले तेव्हा मी त्याच्याकडे इतर कोणत्याही निरीक्षणासारखे पाहायचे ठरवले: काय विसरते, केव्हा विसरते, काय विसरत नाही. आधी नवी नावे गेली, मग रस्ते गेले, मग वर्षे जाऊ लागली. बाबांचे जाणे तिच्या मनातून पुसले गेले ती सकाळ मला नक्की आठवते. तिने त्यांचा डबा भरून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला होता. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा डबा तिथेच होता, आणि न नेल्याबद्दल ती त्यांच्यावर रागावून बसली होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हा शब्द वापरला. हे किती वेगाने वाढेल, असे मी त्यांना विचारले. याचा आलेख काढता येत नाही, असे ते म्हणाले. तेव्हा मला ते उत्तर अपुरे वाटले होते. पुढे कळले की ते नेमके होते.

दिवसा आईजवळ तळमजल्यावरच्या मावशी बसत. उरणकडच्या मिठागरांवर राबणारे त्यांचे घराणे. जमीन संपादनात गेली आणि मिळालेल्या मोबदल्यातून मुलांनी पनवेलला जागा घेतली. गावचे अंगण सुटलेल्या मावशींना दिवसभर बोलायला माणूस हवे होते. आई तेच ते पुन्हा विचारी आणि मावशी प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे उत्तर देत. सकाळी मी चपला पायात सरकवताना रेंगाळले की त्या दारातून मला जवळजवळ ढकलत. "जा गो तू. आमी हाव ना. कुठं जायाची नाय ती."

त्यांच्या भरवशावर मी परदेशातल्या विद्यापीठांना अर्ज केले होते. त्यांतल्या एकाने संशोधनासाठी जागा दिली, शिष्यवृत्तीही दिली. हजर व्हायला वर्षाहून थोडा अधिक अवधी होता. मी नकार कळवणार होते, आणि ताईने तो परस्पर मोडून काढला. फोनवर तिने माझे सगळे मुद्दे शांतपणे ऐकून घेतले.

"आण तिला माझ्याकडे," ती म्हणाली. "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, एकीचं करतेच आहे. दोघींचं होईल. तू थांबलीस तर तिचा आजार थांबणार आहे का?"

"नाही."

"मग."

ताईचे बोलणे असेच असे. तिच्या त्या एका शब्दापुढे, खरे सांगायचे तर, मी युक्तिवाद शोधलाच नाही.

म्हणजे प्रश्न उरला तो आईला पनवेलहून गुवाहाटीपर्यंत न्यायचे कसे, एवढाच. ताई सासूबाईंना सोडून येऊ शकत नव्हती. न्यायचे मीच होते आणि एकटीनेच.

आगगाडीचा विचार मी कर्नाळ्याला सोडला होता. पेणला एका बारशाला जाण्यासाठी आम्ही दोघी एस.टी.त बसलो होतो. गर्दीमुळे जागा पुढेमागे मिळाल्या. कर्नाळ्याला अभयारण्य पाहायला आलेली शाळेची सहल उतरली, आणि गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आले की पुढची जागा रिकामी आहे. कंडक्टरने घंटी वाजवून गाडी थांबवली. मी धावत मागे गेले. बाईंनी मुलांची दोन-दोनची रांग केली होती आणि शेवटच्या मुलीला जोडीदार नव्हता, म्हणून आई तिचा हात धरून रांगेत उभी होती. ती अगदी शिस्तीत उभी होती. मला पाहून तिने तोंडावर बोट ठेवले; बोलायचे नाही, बाई रागावतात.

आगगाडीच्या प्रत्येक डब्याला दोन टोकांना दारे असतात, ती दर स्टेशनाला उघडतात, आणि कधीतरी मला डोळा लागणारच होता. हा पर्याय मी रद्द केला.

विमानाचे तसे नव्हते. एकदा दार लागले की विमानातून कोणी उतरू शकत नाही. धोका फक्त मधल्या थांब्याचा होता. कलकत्त्याला विमान बदलायचे, आणि दोन विमानांमध्ये अर्धा दिवस जाणार होता. विमानतळाच्या मोठ्या दालनात सगळीकडे दारे, सगळीकडे रांगा, आणि रांग दिसली की आई आता तिच्यात जाऊन उभी राहत असे. मला हवी होती एक शांत खोली, जिला एकच दार असेल आणि त्या दाराशी कोणीतरी बसलेले असेल. अशी खोली विमानतळावर असते आणि तिला लाउंज म्हणतात, हे मला त्या गुळगुळीत माहितीपत्रकावरून कळले होते. श्रीमंतांच्या सोयीसाठी केलेली वस्तू माझ्या कामाला नेमकी बसत होती.

मी दोन्ही कार्डांचे मूल्यमापन सुरू केले ते प्रयोगशाळेत नवे उपकरण घेण्याआधी करतो तसेच. पहिल्या कार्डाचे शुल्क कमी, मैल भराभर साठणारे. पण त्याची लाउंजे सगळी परदेशात. दुसऱ्याचे शुल्क माझ्या पगाराच्या मानाने उद्धटपणाचे, मैल साठण्याचा वेग मंद. पण त्यावर देशातल्या मोठ्या विमानतळांची लाउंजे खुली, आणि कार्डधारकासोबत एका पाहुण्याला प्रवेश. साठलेले मैल कार्डधारकाने स्वतःसाठीच वापरायचे की घरच्या माणसाला देता येतात, हे बारीक अक्षरांत दडलेले होते. देता येत होते. दोन तिकिटे विकत घेणे मला झेपणारे नव्हते. एक मैलांतून काढले तर झेपत होते. म्हणजे मैल आणि दार, दोन्ही हवे होते, आणि त्यांतले दार अधिक हवे होते.

विक्रेता परत आला तो पंधरवड्यानंतर, आणि या वेळी माहितीपत्रक न काढता बोलला. कलकत्त्याच्या शाखेतल्या ओळखीच्या माणसाला त्याने विमानतळावर पाठवले होते. "एकच दार आहे. काचेचं. बाहेर टेबल, टेबलाशी बाई बसते. बाथरूम आतल्या आतच आहे, आणि त्याला आतून कडी नाही लावली तरी चालते, आत कोणी असलं की बाहेर लाल दिवा लागतो." बाथरूमचे मी विचारले नव्हते. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "कोण आहे आजारी?"

मी सांगितले. त्याने मान हलवली आणि पेन पुढे केले. त्यानंतर तो कारखान्यात आला की मला मॅडम म्हणत नसे, ताई म्हणे.

कार्ड आले आणि एक गोष्ट लक्षात आली जी मूल्यमापनात माझ्या नजरेतून पूर्ण सुटली होती. कार्ड वापरल्याशिवाय मैल मिळत नाहीत, आणि पनवेलमध्ये ते वापरायचे कुठे? वाणी, दूधवाला, औषधांचे दुकान, भाजीबाजार, कोणीही ते घेत नसे. साड्यांच्या एका दुकानाने घेतले. पण दुकानदाराने आधी ते उजेडाकडे धरून पाहिले आणि आत जाऊन थोरल्या भावाला दाखवून आणले. शेवटी उपयोगी पडला तो महामार्गावरचा पेट्रोलपंप. माझ्याकडे वाहन नव्हते, पण सहकाऱ्यांकडे स्कूटरी आणि मोटारसायकली होत्या. पाळी सुटली की मी त्यांच्याबरोबर पंपावर जाई, पेट्रोल माझ्या कार्डावर भरले जाई आणि ते मला रोख पैसे देत. आज किती मैल चालायचंय, असे कोणीतरी रोज विचारी. कारण एव्हाना सगळ्यांना कळले होते. दरोड्याचा विनोद करणारा गृहस्थ एकदा आपल्या मेव्हण्याची मालवाहू जीप घेऊन आला. टाकी भरून होईपर्यंत तो आकाशाकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, माझी आई डोंगराकडं बघून विचारायची, विमान त्याला धडकत नाही का म्हणून. ती विचारायची, असे तो म्हणाला, विचारते असे नाही, हे माझ्या लक्षात आले.

त्या वर्षात कंपनीने मला हैदराबादला आणि दिल्लीला काही वेळा विमानाने पाठवले, त्याचे मैल वेगळे. असे करत आईच्या तिकिटापुरते मैल जमले, माझ्या मुदतीच्या जेमतेम आधी. विमान कंपनीच्या खिडकीवरच्या बाईने सांगितले की मैलांवरचे तिकीट एकमार्गी निघत नाही. जाऊन-येऊनच काढावे लागते. परतीची तारीख कोणती घालू, असे तिने विचारले. मी म्हटले, मोकळी ठेवा. तिने ती मोकळी ठेवली. त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई मावशींबरोबर वालाच्या शेंगा सोलत होती. पर्समध्ये परतीच्या पानासकट तिचे तिकीट होते, आणि मी ते तिला दाखवले नाही. तिला काय आणि कसे सांगायचे, हा या सगळ्या योजनेतला एकच भाग असा होता, ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खोटे सांगायचे नव्हते. खरे सांगितले तर ती प्रत्येक वेळी नव्याने ऐकणार होती आणि प्रत्येक वेळी नव्याने दुखावणार होती. मी निरनिराळी वाक्ये तयार केली. ताईकडे राहायला जायचंय. मला शिकायला लांब जायचंय. मी परत येईन. प्रत्येक वाक्य खरे होते आणि एकही मला म्हणता येत नव्हते.

निघायच्या सकाळी मावशींनी आईची वेणी घातली, तिच्या पिशवीत सुक्या जवळ्याची पुडी घातली, आमच्या घरात मासे शिजत नाहीत हे पक्के ठाऊक असून. मग त्या टॅक्सीपर्यंत आल्या नाहीत. जिन्यातच थांबल्या.

"माजी सोबत चालवलीस," त्या मला म्हणाल्या. त्यात रागही होता. तो योग्यच होता.

सांताक्रूझच्या विमानतळावर आई माझा हात घट्ट धरून होती. विमानात तिने खिडकीबाहेर ढग पाहिले आणि धुके फार आहे, गाडी हळू हाकायला सांग, असे मला बजावले. कलकत्त्यापर्यंतचा प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. लाउंजच्या दाराशी खरेच टेबल होते आणि टेबलाशी पांढऱ्या साडीतली एक तरुणी बसली होती. तिने कार्ड पाहिले, आम्हांला आत घेतले. काचेचे दार मागे मिटले, आणि गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच माझे खांदे खाली आले.

आई मधोमध उभी राहून खोली पाहत होती. पांढऱ्या चादरी घातलेली टेबले, झाकणांची चकचकीत भांडी, मिठाईची तबके, फुलदाणीत निशिगंध. बॅगा घेऊन चांगल्या कपड्यांत बसलेली, एकमेकांशी न बोलणारी माणसे.

"वऱ्हाड आलं का?" तिने मला विचारले.

आमच्या जुन्या आळीत लग्न कोणाचेही असो, कोठी आईकडे असे. लग्नघरातल्या सामानाच्या खोलीला कोठी म्हणतात. लाडू, नारळ, साखर, आहेराची लुगडी, सगळे तिथे ठेवतात आणि तिची किल्ली एका विश्वासाच्या बाईकडे देतात. ती बाई दारात पाट टाकून बसते. तिला विचारल्याशिवाय एक सुपारी बाहेर जात नाही. आई खोली स्वतः निवडत असे, आणि तिची अट एकच असे: खोलीला एकच दार हवे. मागचे दार असलेच तर ती आधी आतून कडी घाली आणि त्याला पिंप टेकवून ठेवी. बाबा गेल्यावर तिला कोणी नको म्हटले नाही. फक्त पुढच्या लग्नात कोठीची किल्ली दुसऱ्या बाईच्या कमरेला गेली, आणि आईला अक्षतांना वेळेवर या असा निरोप आला. ती वेळेवर गेली. घरी येऊन तिने लुगड्याची घडी नेहमीपेक्षा जास्त वेळ घातली, एवढेच मला आठवते.

"येतंय," मी म्हणाले.

"किल्ल्या कुठेत?"

माझ्याजवळ पनवेलच्या घराच्या किल्ल्या होत्या. त्या मी तिला दिल्या. तिने जुडगा कमरेला खोचला, मिठाईच्या टेबलाशेजारची खुर्ची भिंतीशी सरकवून घेतली आणि दाराकडे तोंड करून बसली. तिची पाठ ताठ झाली होती. एक वयस्कर बंगाली गृहस्थ बशी घेऊन आले, तेव्हा तिने हाताने त्यांना थांबवले आणि सौम्यपणे सांगितले की मुलाकडची पंगत आधी, मग आपली माणसं. त्यांना भाषा कळली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, बशी खाली ठेवली आणि हात जोडून जागेवर जाऊन बसले. टेबलाशी बसलेली तरुणी उठली होती. मी मानेने नको म्हटले तशी तीही बसली. मग कितीतरी वेळ त्या खोलीत कोणी मिठाई खाल्ली नाही.

मी समोर बसून तिला पाहत होते. तिची नजर भिरभिरत नव्हती. आमच्या घरात ती वर्षभर हरवलेली असे, आणि इथे तिला सगळे ठाऊक होते.

गुवाहाटीच्या विमानाची सूचना झाली तेव्हा मी उठून बॅगा उचलल्या. आईने माझ्याकडे नीट पाहिले, जसे तिने बरेच दिवस पाहिले नव्हते.

"तुझी ओटी भरली का कोणी?"

मी नाही म्हणाले.

"मग अशी कशी निघालीस." तिने मला ओढणी पसरायला लावली. टेबलावरून एक सफरचंद घेतले, नारळ नव्हता म्हणून. कागदी रुमालाची घडी खणासारखी चौकोनी केली. तांदूळ नव्हते, तिने खाऱ्या काजूंची मूठ भरली, त्यावर साखरेच्या पुड्या ठेवल्या. बाबा गेल्यापासून तिने कोणाची ओटी भरली नव्हती, कोणी तिला भरू दिली नसती. कुंकू शोधायला तिने आजूबाजूला पाहिले आणि मग कोरडे बोटच माझ्या कपाळाला लावले. तिचे बोट गार होते.

"रडू नकोस," ती म्हणाली. मी रडत नव्हते. त्यानंतर रडू लागले. "तिकडची माणसं वाईट नसतात, नवी असतात. नीट राहा. मला काही तुझ्याबरोबर येता यायचं नाही, कोठी सोडून."

जे सांगायला मला वर्षभर शब्द मिळाले नव्हते, ते तिने असे सहज सांगून टाकले, आणि उलट बाजूने. मी होय म्हणाले. मग मी तिला म्हटले की विमानापर्यंत पोचवायला तरी चल, आणि ती चला म्हणून उठली. जाताना त्या वयस्कर गृहस्थांना तिने हाताने खूण केली की आता घ्या.

ताईच्या वसाहतीला कुंपण होते, फाटकावर पहारा होता. घर मोठे आणि हवेशीर होते. आईने सासूबाईंच्या खाटेशेजारी स्वतःहून खुर्ची ओढून घेतली. ताईला ती वहिनी म्हणू लागली. ताई म्हणाली, चालेल, वहिनीला मान जास्त असतो. आणि मग ओट्याकडे वळून बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. मी थोडे दिवस राहिले. निघताना आई दारात आली आणि सासरी निघालेल्या मुलीला म्हणतात तसे दिवाळीला ये म्हणाली. मी येते म्हटले. पनवेलच्या किल्ल्या मी मागितल्या नाहीत. मावशींकडे दुसरा जुडगा होता.

परदेशात आल्यावर बँकेचे पत्र आले की पुढच्या वर्षाचे शुल्क भरा, नाहीतर उरलेले मैल रद्द होतील. मी ते होऊ दिले.

मी गेल्यानंतर काय झाले ते ताईने फोनवर सांगितले. मी फाटकाबाहेर पडले आणि कामवाली झाडू घेऊन आली, तेव्हा आईने तिचा हात धरला. घरचे माणूस प्रवासाला निघाले की ते पोचेपर्यंत घर झाडायचे नाही, असे आमच्याकडे मानतात. ताईने संध्याकाळी तिला सांगितले, पोचली. आई बरे म्हणाली. दुसऱ्या सकाळी तिने पुन्हा कामवालीचा हात धरला. तिसऱ्या सकाळीही. आता ताई दुपारी आई झोपली की घर झाडून घेते.

एकदा मी ताईला म्हटले की फोन आईकडे दे, मीच सांगते. रिसीव्हर हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"आई, मी पोचले," मी म्हणाले. "नीट पोचले."

"बरं झालं," आई म्हणाली. तिचा आवाज परक्या माणसाशी बोलतानाचा, नम्र होता. "पण जरा फोन मोकळा ठेवाल का? माझी मुलगी प्रवासात आहे. पोचल्याचा फोन करेल आता."

मी फोन ठेवला.